पेटीवरची उपज : भैया गणपतरावांपासून गोविंदराव टेंब्यांपर्यंत

ग्वाल्हेरच्या संगीताचा विषय निघाला की हद्दूखाँ, हस्सूखाँ, शंकर पंडित, राजाभैया पूछवाले ही नावं ओघानं येतात. गायकांची यादी आपल्याला पाठ असते. पण त्याच शहरातल्या एका माणसानं पेटीवर ठुमरीचा एक स्वतंत्र बाज घडवला, हे किती जणांना आठवतं? त्यांचं नाव भैया गणपतराव. जयाजीराव शिंदे यांचे ते पुत्र आणि गायिका असलेल्या चंद्रभागाबाई त्यांच्या आई. ‘सुघर पिया’ या नावानं त्यांनी ठुमऱ्याही रचल्या.

त्यांच्यापुढची अडचण समजायची तर आधी पेटी उघडून पाहायला हवी. पेशानं मी इंजिनिअर, त्यामुळे वाद्य आधी आतून बघायची सवय आहे. हार्मोनियम मूळचं युरोपातलं, 1840 च्या दशकातलं, आणि पायानं भाता मारायचं. मांडीशी घेऊन एका हातानं भाता आणि दुसऱ्यानं पट्ट्या, ही बैठकीला सोयीची पेटी कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्या कारखान्यातून 19 व्या शतकाच्या अखेरीस पुढे आली. आत पितळेच्या सुरांची रांग असते. प्रत्येक सुराची जीभ जितकी लांब, जाड, जड असेल तसा तिचा नाद ठरतो. कारागिरानं तो एकदा कानशीनं घासून ठरवला, की वाजवणाऱ्याला तो हलवता येत नाही.

म्हणजे मींड नाही, आंदोलन नाही. शिवाय पट्ट्या समान अंतरावर मिळवल्या तर शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट चढा बोलतो. लागून असलेल्या दोन पट्ट्यांमधलं अंतर 100 सेंट धरतात, त्याचा हा साधारण सातवा हिस्सा. तंबोरा लावून बसलेल्या कानाला तो खुपतोच.

पियानोशी तुलना केली की आणखी एक गोष्ट लक्षात येते. पियानोत बोटाचा जोर तारेपर्यंत पोचतो. हळू दाबलं तर मऊ, जोरात दाबलं तर ठसठशीत. पेटीत बोट म्हणजे नुसती झडप. पट्टी कशीही दाबा, आवाज तेवढाच. लहान-मोठेपणा सगळा भात्यावरच्या हातात. मात्र एक फायदाही आहे. पियानोचा सूर वाजल्याबरोबर विरायला लागतो, पेटीचा भाता चालेपर्यंत टिकतो. त्यामुळे पहिली पट्टी सोडायच्या आत दुसरी दाबली, मध्ये एखादा कणस्वर चाटून घेतला आणि त्याच क्षणी भाता किंचित सैल केला, तर कानाला मींडेचा भास होतो. खटका, मुरकी, जमजमा तर पट्ट्यांवर मोत्यासारखे उमटतात. ठुमरीला नेमकं हेच हवं असतं.

हे कोणत्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. पेटीचं घराणं नव्हतं, आधीची चीज-पलट्यांची शिस्त नव्हती. होती ती फक्त उपज. ठुमरीत एकच बोल गायिका दहा तऱ्हांनी फिरवते, आणि पेटीवाल्याला प्रत्येक वेळी तिथल्या तिथे उत्तर शोधावं लागतं. काय साधतं, काय साधत नाही हे बोटांना कळत जातं. जे साधत नाही त्याला वळसा घालायची ज्याची त्याची रीत ठरते, आणि ती रीत म्हणजेच त्याची शैली. भैयासाहेबांची पेटी अशी बोलबनावाच्या ठुमरीबरोबर वाढली. मौजुद्दीनखाँ, गौहरजान अशी मंडळी त्यांच्या शिष्यपरिवारात मोजली जातात. गायकांनी पेटीवाल्याकडून शिकावं, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हे.

आता दक्षिणेकडे येऊ. कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे (1881–1955) पेटी मुख्यतः ऐकून आणि साथ करूनच शिकले. त्यांची खरी शाळा म्हणजे भास्करबुवा बखल्यांची मैफल. भास्करबुवांची तान कुठे वळेल याचा अंदाज बांधायचा, आणि अंदाज चुकला तरी सूर सांभाळून घ्यायचा. ख्यालाच्या साथीतली ही उपज ठुमरीपेक्षा वेगळी, म्हणून हातही वेगळा घडला. तरी ठुमरीनं त्यांना सोडलं नाही. 1911 च्या ‘मानापमान’ला त्यांनी चाली दिल्या, तेव्हा पूरब अंगाची ठुमरी, दादरा, कजरी यांचा रंग मराठी रंगभूमीवर आला. नाटक कंपनीच्या अंगणात ज्या सुरांवर आपले आजोबा-पणजोबा माना डोलवत होते, त्यांची एक मुळी अशी भैयासाहेबांच्या प्रांतातली होती. पुढे मधुकर पेडणेकरांनी, म्हणजे पी. मधुकर यांनी, एकल वादनात हेच वाद्य आणखी तिसऱ्या दिशेला नेलं. वाद्य एकच, पण तिघांची पेटी तीन प्रकारची.

हे सगळं घडत असतानाच पेटीवर खटला उभा राहिला. जॉन फाउल्ड्स यांनी 1938 मध्ये तिच्याविरुद्ध लेख लिहिला, रवींद्रनाथ ठाकुरांचाही तिला विरोध होता. 1 मार्च 1940 पासून ऑल इंडिया रेडिओनं पेटीवर बंदी घातली. 1971 मध्ये ती सैल होईपर्यंत तीन दशकं गेली. आक्षेप खोटा नव्हता, तो 14 सेंटांचा फरक मोजता येतो. पण निकाल वाद्याचा लागला आणि शिक्षा वाजवणाऱ्याला झाली. त्या दोषाभोवती ज्यांनी आयुष्यभर वाटा शोधल्या होत्या, त्या वाटाच ध्वनिक्षेपणातून वगळल्या गेल्या. ज्या तीन दशकांत रेडिओ घराघरांत पोचला, नेमकी तीच ही.

उपज कागदावर उतरत नाही, म्हणून तिचं जतन ऐकणाऱ्याच्या कानात असतं. ग्वाल्हेर, इंदूर, बेळगाव, बडोदा इथल्या जुन्या मराठी वाड्यांत पेटी असायचीच. पुष्कळ ठिकाणी ती अजून माळ्यावर असेल. ती पेटी कोण वाजवायचं, कोणाच्या साथीला बसायचं, कोणता तुकडा त्यांचा म्हणून ओळखला जायचा, हे घरातल्या ऐंशीच्या पुढच्या माणसांना अजून विचारता येतं. मैफलीच्या जुन्या पत्रिका हाती आल्या तर गायकाच्या नावाखालची बारीक अक्षरातली ओळही उतरवून घ्यावी. बऱ्याचदा पेटीवाल्याचं नाव तिथंच सापडतं.