शाळकरी मुलांची टोपी व उन्हाचा दाह

ऑस्ट्रेलियांतील अनेक प्राथमिक शाळांत 'टोपी नाहीं तर खेळ नाहीं' हा नियम आज रूढ आहे. मधल्या सुटींत ज्या मुलाच्या डोक्यावर टोपी नसेल त्यानें सावलींतच बसावें, असा त्याचा अर्थ. वरवर पाहतां ही किरकोळ शिस्तीची बाब वाटते. परंतु तिच्या मागें सुमारें दोन शतकांचा इतिहास आहे. चुकीच्या समजुतीनें घातलेली टोपी आणि चांगल्या हेतूनें सांगितलेला पण पुढें अतिरेकास गेलेला उपचार, असे दोन्ही प्रकार त्यांत आढळतात. तो इतिहास क्रमानें मांडण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम हिंदुस्थानांतील प्रकरण घेऊं. १८४७ सालीं हेन्री लॉरेन्स यांनीं सिमल्याच्या बाजूस सनावर येथें गोऱ्या सैनिकांच्या मुलांसाठीं शाळा काढली. मैदानांतील उष्ण हवा व रोगराई यांपासून हीं मुलें दूर राहावींत, हा हेतु होता. येथील ऊन कवटींतून थेट मेंदूस व पाठीच्या कण्यास इजा करतें, अशी यूरोपीय लोकांची त्या काळीं दृढ समजूत होती. म्हणून भेंडाची सोला टोपी डोक्यावर आणि कण्यावर फलालीनची गादी, असा सरंजाम प्रचारांत आला. लहान मुलेंहि टोपीवांचून बाहेर पडत नसत. अमेरिकन लष्करी वैद्य चार्ल्स वुड्रफ यांनीं १९०५ सालीं ग्रंथ लिहून या समजुतीस शास्त्राचा पेहराव चढविला. टोपी ही राज्यकर्त्या जातीची खूणहि होऊन बसली. पुढें दुसऱ्या महायुद्धांत गोरे सैनिक अशा टोपीवांचून उन्हांत वावरले, त्यांच्या मेंदूस कांहीं झालें नाहीं, आणि तो सिद्धान्त मागें पडला.

उन्हानें कातडी कां भाजते, याचा शोध मात्र यूरोपांत निराळ्या वाटेनें चालू होता. १८०१ त योहान रिटर यांस जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य किरण सांपडले. १८२० च्या सुमारास सर एव्हरार्ड होम यांनीं आपला एक हात उघडा व दुसरा काळ्या कापडानें झांकून उन्हांत धरला. कापडाखालीं उष्णता अधिक भरली, तरी फोड आले ते उघड्या हातावर! दाहाचें कारण नुसती उष्णता नव्हे, हें यावरून ठरलें. (याच होम यांनीं १८२३ त आपले मेहुणे जॉन हंटर यांचे अप्रकाशित कागद जाळून टाकले, कागदपत्रें जपणाऱ्यांस ही गोष्ट विसरतां येणार नाहीं.) १८५८ त शार्को यांनीं अदृश्य किरणांकडे बोट दाखविलें व १८८९ त स्वीडनच्या विडमार्क यांनीं तें प्रयोगानें सिद्ध केलें. १८९४ त उन्ना यांनीं खलाशांच्या कातडीवरील विकारांचा व कर्करोगाचा उन्हाशीं संबंध जोडला. १९२८ त फिंडले यांनीं उंदरांवर या किरणांनीं कर्करोग उत्पन्न करून दाखविला.

आश्चर्य हें कीं, याच काळांत यूरोप सूर्याच्या भजनीं लागला होता. क्षयाच्या भीतीनें १९०४ त बर्लिनजवळ शार्लोटेनबुर्ग येथें उघड्यावरील शाळा निघाली. स्वित्झर्लंडांत लेसँ येथें डॉ. रोलिए लहान मुलांस उघड्या अंगानें उन्हांत बसवीत. त्यांची पद्धति मात्र मोजकी होती : आरंभ पायांपासून, तोहि कांहीं मिनिटांचा, आणि डोक्यावर टोपी. पुढें उन्हानें रापलेलें अंग ही शोभेची वस्तु झाली, तेव्हां मात्रा लोप पावली आणि ऊन तेवढें उरलें.

याचा परिणाम ऑस्ट्रेलियांत सर्वांत ठळक दिसला. तेथील गोऱ्या वस्तीचे पूर्वज बहुतांशीं ब्रिटिश बेटांतून आलेले. लंडन ५१ उत्तर अक्षांशावर, तर ब्रिस्बेन २७ दक्षिण अक्षांशावर. मंद उन्हास सरावलेली कातडी प्रखर उन्हांत आली. सत्तरी गांठण्यापूर्वीं दर तिघांपैकीं दोघां ऑस्ट्रेलियनांस कातडीचा कोणता तरी कर्करोग होतो, असें तेथील आरोग्यसंस्था सांगतात. १९८१ त व्हिक्टोरिया प्रांतांतील कर्करोगविरोधी संस्थेनें सदरा घाला, मलम लावा, टोपी चढवा, असा प्रचार आरंभिला. १९८८ त त्यास 'सनस्मार्ट' या नांवानें व्यापक रूप आलें आणि पुढल्या दशकांत तो शाळांत शिरला.

शाळेवरच भर कां? शाळेच्या वेळांतच मध्यान्ह येतो, आणि मैदानावर केव्हां सोडावें हें मुलाच्या हातीं नसून शाळेच्या हातीं असतें. म्हणून रुंद कांठाची किंवा मानेवर पडदा असलेली टोपी, कोपरापर्यंत बाह्या, मैदानावर छत व झाडें, दर दोन तासांनीं मलम, असे नियम झाले. पुढेंच छज्जा असलेली टोपी कान व मान झांकीत नाहीं, म्हणून ती पुरेशी मानीत नाहींत. या किरणांचा निर्देशांक तीन किंवा अधिक असेल तेव्हां हें सर्व पाळावयाचें. मेलबर्नच्या हिवाळ्यांत टोपीची सक्ति नसते, कारण हाडांसाठीं थोडें ऊन लागतेंच. तेथील शाळांत शिकणारीं मराठी मुलेंहि हीच टोपी घालतात. सांवळ्या कातडीस निसर्गाचें कांहीं संरक्षण असलें, तरी नियम वर्ण पाहत नाहीं. सोला टोपींत व या टोपींत हा मोठा भेद आहे.

तात्पर्य, केवळ वस्तूवरून तिच्यामागील कारण ठरवितां येत नाहीं. दोन्ही टोप्यांनीं मुलांच्या मुखावर सावली धरली. पण एकीच्या मागें भीति व अभिमान होता, दुसरीच्या मागें मोजमाप आहे. ऑस्ट्रेलियांतील तरुण पिढींत मेलानोमा या घातक कर्करोगाचें प्रमाण उतरलें आहे. बाळपणीं भाजलेल्या कातडीचें फळ तीस-चाळीस वर्षांनीं येतें. तें मुलास कळत नाहीं, आणि टोपी मागणाऱ्या शिक्षकास तें टळलेलें दिसतहि नाहीं. हा हिशेब पिढ्यांचा असल्यामुळें तो लिहून ठेवणें अवश्य वाटलें.