जलसा ते डीजे : आपल्या आवाजाचा इतिहास

14 एप्रिल जवळ आली की वाशिम जिल्ह्यातल्या आमच्या वस्त्यांमध्ये बैठका बसतात आणि पहिला वाद ठरलेला असतो : यंदा डीजे लावायचा की नाही? तरुण विचारतात, "बाकीच्यांच्या मिरवणुकीत वाजतो तेव्हा कोणी बोलत नाही, उपदेश आपल्यालाच का?" प्रश्न रास्त आहे. उत्तर देण्याआधी आपल्या आवाजाचा इतिहास पाहू.

गावगाड्याने आवाजसुद्धा जातीवर वाटला होता. डफडे मांगाने वाजवायचे, दवंडी महाराने द्यायची. पालखीपुढे वाजवणाऱ्याला देवळाची पायरी मात्र बंद. घसा आपला, हुकूम दुसऱ्याचा. म्हणूनच मानहानीची गावकामे सोडणे हा बाबासाहेबांच्या चळवळीचा भाग झाला.

जलशाने हा आवाज आपल्या मालकीचा केला. सत्यशोधक जलशांची वाट होतीच. 1930 च्या दशकात नाशिककडचे भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी तमाशाचा साचा घेतला आणि त्यात शिक्षण, समता, स्वाभिमान भरला. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्यापर्यंत चळवळ कानावाटे पोहोचली. वामनदादा कर्डकांनी 1943 साली पहिले गाणे रचले आणि पुढे आयुष्यभर गावोगाव गात फिरले. आपल्या आयाबायांनी जात्यावरच्या ओवीत बाबासाहेबांना आणले.

हे पोहोचले कसे? ताल अंगात शिरतो, चाल शब्दांना स्मरणात धरून ठेवते. एकत्र गाताना माणसांचे श्वास जुळतात. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 साली दाखवले की समूहात गाणाऱ्यांच्या हृदयाची गतीही एकत्र वाढते, एकत्र उतरते. विहारात शंभर जण एका सुरात त्रिशरण-पंचशील म्हणतात तेव्हा आपलेपणा का दाटतो, ते यातून कळते.

डीजेही शरीरावरच काम करतो. त्याचा ठोका छातीत बसतो, पाय आपोआप हलतात. आम्हीही नाचलो आहोत. ज्या गल्लीतून आजोबा मान खाली घालून गेले, तिथे नातवाने ताठ मानेने नाचणे यालाही अर्थ आहे. पण त्या दणक्यात शब्द बुडतो. बाबासाहेबांवरचे गाणे वाजते आणि त्यात काय सांगितले ते कोणालाच ऐकू येत नाही.

वर किंमत आपणच मोजतो. 85 डेसिबलचा आवाज दिवसाला 8 तास, ही कानाची मर्यादा मानतात. दर 3 डेसिबल वाढीला ती वेळ निम्मी होते. म्हणजे 100 डेसिबलला जेमतेम 15 मिनिटे! आतल्या कानाच्या मेलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. भिंतीएवढ्या स्पीकरशेजारच्या घरात आपलेच तान्हे बाळ आणि आपलीच म्हातारी असते. रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. गुन्हा दाखल झाला तर नोकरीच्या पोलीस पडताळणीत तो आपल्याच पोराला आडवा येतो.

मग त्या तरुणांना आमचे उत्तर काय? इतरांशी बरोबरी आवाजाच्या आकड्यात करायची गरज नाही. त्यांच्याकडे नाही अशी जलशाची परंपरा आपल्याकडे आहे. यंदाच्या वर्गणीतून एक गायन पार्टी बोलवा. मिरवणुकीत ढोलकी, हलगी आपल्या मर्जीने वाजू द्या. वस्तीतल्या एखाद्या मुलीला नवे गाणे लिहायला सांगा आणि माईक तिच्या हाती द्या.

नाचा जरूर. पण शब्द ऐकू येईल एवढी जागा ठेवा.

जयभीम!