संकठा घाट आणि पाडौनचे जंगल

काशीचा संकठा घाट शिंदे घाट व भोसले घाट यांच्या दरम्यान आहे. याच दोन घराण्यांची नावे तात्या टोपे यांच्या अरण्यवासाच्या इतिहासातही येतात, पण आश्रयदाते म्हणून नव्हे. ऑक्टोबर 1858 मध्ये नर्मदा ओलांडून तात्या नागपूरच्या रोखाने निघाले. परंतु भोसल्यांचे राज्य 1854 सालीच खालसा झाले होते. सातपुड्यातून त्यांना मागे वळावे लागले. ग्वाल्हेरचे शिंदे तर इंग्रजांच्याच पक्षाला होते. अखेर शिंद्यांशी वैर असलेल्या नरवरच्या मानसिंगाच्या भरवशावर तात्या पाडौनच्या जंगलात लपले. त्यानेच त्यांना एप्रिल 1859 मध्ये पकडून दिले. 18 एप्रिलला शिप्री येथे त्यांना फाशी झाली.

तात्यांची स्वतःची हकिकत उरली ती इंग्रजांपुढील जबानीत, आणि अभ्यासकांना ती परिचित आहे इंग्रजी भाषांतरातून. त्याच धामधुमीत काशीयात्रा करून गंगेची कावड वरसईला नेणाऱ्या विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ मात्र मराठीत आहे. तो झाशीचा वेढा अनुभवलेल्या भिक्षुकाचा आहे, लढवय्याचा नव्हे. बंडाची मराठी दृष्टी म्हणून त्याचा दाखला देताना हा भेद सहसा विसरला जातो. शिवाय 1907 साली तो प्रथम छापताना चिंतामण विनायक वैद्य यांनी संहितेत फेरफार केले होते.