कार्त्ये-ब्रेसाँ, आंरी

(२२ ऑगस्ट १९०८–३ ऑगस्ट २००४). विख्यात फ्रेंच छायाचित्रकार. रस्त्यावरील अकृत्रिम जीवनाच्या कृष्णधवल छायाचित्रणास कलेची प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत त्याचे स्थान अग्रगण्य आहे. जन्म पॅरिसजवळील शांतलू-आं-ब्री येथे, एका सधन सूत-उत्पादक कुटुंबात. चित्रकार आंद्रे लोत याच्याकडे त्याने चित्रकलेचे शिक्षण घेतले. चित्रचौकटीतील भौमितिक रचनेची जाण त्याला तेथे लाभली. तर अतिवास्तववाद्यांच्या सहवासात योगायोगाचे महत्त्व त्याला उमगले. मार्टिन मुन्काची या छायाचित्रकाराने टिपलेले, टांगानिका सरोवराच्या लाटांत धावणाऱ्या मुलांचे छायाचित्र पाहून तो छायाचित्रणाकडे वळला.

१९३२ पासून लहान आकाराचा ‘लायका’ कॅमेरा हे त्याचे प्रमुख साधन बनले. बहुतेक चित्रे त्याने ५० मिमी. भिंगाने घेतली. कॅमेऱ्याचा चकाकणारा भाग तो काळ्या पट्टीने झाकून टाकी व कृत्रिम प्रकाश कटाक्षाने टाळी. छायाचित्रकाराच्या उपस्थितीने समोरचे जीवन बिघडू नये, ही त्यामागील दृष्टी. रचना टिपतानाच पूर्ण व्हावी, मागाहून चौकट कापू नये, असा त्याचा आग्रह होता. तथापि या नियमालाही अपवाद आढळतो. सँ-लाझार स्थानकामागे साचलेल्या पाण्यावरून उडी घेणाऱ्या माणसाचे त्याचे सुप्रसिद्ध चित्र (१९३२) कुंपणाच्या फटीतून घेतलेले असल्याने, त्यात आलेला फळीचा भाग वगळावा लागला.

दुसऱ्या महायुद्धात तो जर्मनांचा युद्धकैदी झाला; दोन प्रयत्न फसल्यावर १९४३ मध्ये तो निसटला. रॉबर्ट कापा, डेव्हिड सिमूर, जॉर्ज रॉजर प्रभृतींसह त्याने १९४७ मध्ये ‘मॅग्नम’ ही छायाचित्रकारांची सहकारी संस्था स्थापिली. त्याच वर्षी तो भारतात आला. ३० जानेवारी १९४८ रोजी, हत्येच्या थोड्याच वेळापूर्वी, तो महात्मा गांधींना भेटला होता. त्यानंतरची अंत्ययात्रा व शोकाकुल जनसमुदाय यांची त्याची चित्रे जगभर गाजली.

१९५२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथाच्या इंग्रजी आवृत्तीचे नाव ‘निर्णायक क्षण’ या अर्थाचे होते. त्यामुळे घटनेचा परमोच्च बिंदू टिपणे हेच त्याचे ध्येय, असा समज रूढ झाला. मूळ फ्रेंच शीर्षकातून मात्र घाईने, कोणाच्या नकळत टिपलेल्या प्रतिमा असा भाव व्यक्त होतो आणि त्याच्या कार्याला तोच अधिक लागू पडतो. लंडनमधील सहाव्या जॉर्जच्या राज्याभिषेकप्रसंगी (१९३७) त्याने राजाऐवजी मिरवणूक पाहणाऱ्या प्रेक्षकांची चित्रे घेतली. शांघायमध्ये (१९४८) सोने मिळविण्यासाठी परस्परांना बिलगून उभी राहिलेली माणसे टिपली. इतिहासाच्या मोठ्या घडामोडी त्याने सामान्यांच्या चेहऱ्यांतून व हालचालींतून दर्शविल्या.

१९७० नंतरच्या दशकात व्यावसायिक छायाचित्रण जवळजवळ सोडून तो पुन्हा रेखाटनाकडे वळला. त्याच्या कृतींच्या जतनासाठी २००३ मध्ये पॅरिस येथे प्रतिष्ठान स्थापन झाले. दक्षिण फ्रान्समधील प्रॉव्हांस येथे त्याचे निधन झाले.