स्तंभाकार सफरचंद

फांद्या न पसरता खांबासारखे सरळ वाढणारे सफरचंदाचे झाड. कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात, केलोना येथील एका बागेत १९६०च्या दशकात ‘मॅकिंटॉश’ जातीच्या जुन्या झाडावर आखूड पेरांची, दाट पानांची एक फांदी आढळली. या नैसर्गिक उत्परिवर्तनापासून ‘वायचिक’ हा वाण मिळाला. पुढे इंग्लंडमधील ईस्ट मॉलिंग येथे त्याच्या संकरातून ‘बोलेरो’, ‘पोल्का’, ‘वॉल्ट्झ’ हे वाण तयार झाले. हा गुण दहाव्या गुणसूत्रावरील एका प्रभावी जनुकामुळे येतो, म्हणून संकरित रोपांपैकी बरीचशी तशीच उभी वाढतात. फळे खोडालगतच्या आखूड फळफांद्यांवर लागतात.

 ही झाडे ६० ते ९० सेंमी. अंतरावर लावता येतात, त्यामुळे छोट्या अंगणातही दोन-तीन वाण सहज मावतात. तसे ते लावावेतच, कारण परपरागणाशिवाय फळधारणा तुटपुंजी होते. मॅकिंटॉश मुळात कडाक्याची थंडी सोसणारी जात असली, तरी कुंडीत लावलेल्या झाडाची मुळे जमिनीतल्या मुळांपेक्षा लवकर गोठतात. म्हणून अतिथंड प्रदेशात जमिनीतली लागवडच श्रेयस्कर. अनेकदा झाड एक वर्ष लगडते, तर दुसऱ्या वर्षी जवळजवळ रिकामे राहते. कोवळ्या फळांची वेळेवर विरळणी हाच यावरचा खरा उपाय होय.