पियानोवरची प्रार्थना

पोप दहावे पायस यांनी १९०३ साली पवित्र संगीताविषयी जे आदेशपत्र काढले, त्यात पियानोला चर्चमध्ये मज्जाव होता. ढोल-झांजांसारखी गोंगाटाची वाद्येही निषिद्ध ठरली होती. पुढे फेब्रुवारी १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक महामंदिरात मिस्साबलिदान चालू असताना एक प्रौढ कृष्णवर्णीय स्त्री पियानोवर बसली होती आणि गायनवृंद तिने रचलेली जॅझ मिस्सा गात होता. या दोन घटनांमध्ये बहात्तर वर्षे आहेत. हे अंतर कसे कापले गेले, हे त्या स्त्रीच्या, म्हणजे मेरी लू विल्यम्सच्या, चरित्रातून उत्तम कळते.

मेरी लूचा जन्म १९१० साली अटलांटा येथे झाला. बालपण पिट्सबर्गमध्ये गेले. ऐकलेले सूर ती लहानपणीच पियानोवर काढू लागली. पुढे कॅन्सस सिटीत अँडी कर्क यांच्या वाद्यवृंदासाठी ती वादन व रचना करू लागली. बारा राशींवरील ‘झोडिअ‍ॅक सूट’ ही तिची रचना १९४५ मधली. जॅझ हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे संगीत. गुलामगिरीचे दुःख आणि भक्तिगीतांचा आधार दोन्ही त्याच्या मुळाशी आहेत. पण ते वाढले नाचघरांत आणि मद्यालयांत. म्हणून अनेक सश्रद्ध घरांत त्याला प्रवेश नव्हता.

याच विरोधाने मेरी लूला पुढे घेरले. १९५४ साली पॅरिसमध्ये यश हाती असताना ती वादन सोडून उठली. न्यूयॉर्कला परतल्यावर हार्लेममधील लूर्द्स मातेच्या चर्चमध्ये ती तासन् तास प्रार्थना करू लागली. व्यसनांत बुडालेल्या वादकांना तिने आपल्या घरात आसरा दिला. मे १९५७ मध्ये, प्रसिद्ध ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी यांच्या पत्नी लॉरेन यांच्यासोबत, ती कॅथलिक झाली. देवाकडे वळायचे तर संगीत सोडले पाहिजे, असे तिला वाटत होते. तिला यातून बाहेर काढले ते धर्मगुरूंनीच. तुझे वादन हीच तुझी प्रार्थना म्हणून अर्पण कर, असा फादर जॉन क्रॉली यांच्या सांगण्याचा आशय होता. त्याच वर्षी जुलैमध्ये न्यूपोर्ट महोत्सवात ती गिलेस्पींच्या वाद्यवृंदासह रंगमंचावर आली. त्या मैफलीचे ध्वनिमुद्रण आजही ऐकता येते.

६ मे १९६२ रोजी पोप तेविसावे जॉन यांनी मार्टिन दी पोरेस यांना संतपद बहाल केले. पेरू देशातील लिमा येथे १५७९ साली जन्मलेले हे डॉमिनिकन बंधू स्पॅनिश सरदार आणि गुलामगिरीतून मुक्त झालेली कृष्णवर्णीय स्त्री यांचे पुत्र. रोग्यांची सेवा हेच त्यांचे जीवन. मेरी लूने त्यांच्यावर स्तोत्र रचले. शब्द येशूसंघीय फादर अँथनी वूड्स यांचे होते. नोव्हेंबर १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट फ्रान्सिस झेवियर चर्चमध्ये ते प्रथम गायिले गेले. ‘ब्लॅक ख्राइस्ट ऑफ दी अँडीज’ या १९६४ मधील तबकडीत ते आरंभीच आहे. बराच वेळ केवळ मानवी कंठ ऐकू येतात. मध्येच पियानो लॅटिन अमेरिकन ठेक्यात बोलतो आणि पुन्हा नम्रपणे मागे सरतो. त्याच तबकडीत ‘आनिमा क्रिस्ती’ ही प्राचीन प्रार्थनाही जॅझच्या लयीत आहे.

दरम्यान ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला. ग्रेगरियन गायनाचे अग्रस्थान कायम ठेवून, उपासनेला योग्य आणि भाविकांना पोषक ठरणारी इतर वाद्येही स्थानिक अधिकाऱ्यांच्या संमतीने वापरता येतील, असे त्यात म्हटले होते. मेरी लूने त्यानंतर तीन मिस्सा रचल्या. तिसरी, शांतीसाठीची, व्हॅटिकनच्या सूचनेवरून रचलेली. तीच पुढे ‘मेरी लूज मास’ म्हणून ओळखली गेली आणि १९७५ साली सेंट पॅट्रिकमध्ये सादर झाली.

मग दहावे पायस चुकले होते काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांच्या काळी नाटकगृहातील ऑपेराचे संगीत वेदीपाशी शिरले होते आणि प्रार्थनेची जागा प्रदर्शन घेत होते. ती भीती आजही खोटी नाही. मेरी लूने मात्र मद्यालय चर्चमध्ये आणले नाही. आपल्या लोकांचे दुःख आणि आशा आणली, आणि तीही अनेक वर्षांच्या प्रार्थनेनंतर.

हा प्रश्न आपल्याला परका नाही. गोव्याच्या धर्मग्रामांतील शाळांत स्वरलिपी शिकलेले कित्येक कॅथलिक वादक मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवीत. ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजलेले हळदोण्याचे अंतोनिओ शावियेर वाझ त्यांतलेच. चर्चने दिलेली विद्या त्यांनी नाचघरात नेली. मेरी लूने नाचघरातली विद्या चर्चमध्ये आणली. आपल्या मराठी मिस्सेत पेटी-तबला वाजू लागला, त्यालाही परिषदेच्या त्याच दस्तऐवजाचा आधार आहे.

मेरी लू २८ मे १९८१ रोजी देवाघरी गेली. संत मार्टिन यांचा सण ३ नोव्हेंबरला असतो. त्या संध्याकाळी, कुटुंबाची रोझरी झाल्यावर, तिचे ते स्तोत्र घरी सर्वांनी मिळून अवश्य ऐकावे.