वळिवड्याची पोलिश मुले आणि बालमनावरील आघात

कोल्हापूर संस्थानातील वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात पोलिश निर्वासितांची सुमारे ५,००० लोकवस्तीची वसाहत होती, हे कोल्हापूरच्या इतिहासाच्या अभ्यासकांस ठाऊक आहे. तीत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती. तथापि या वसाहतीविषयी आजवर जे लिहिले गेले, त्यात यजमानांच्या औदार्याचा गौरवच अधिक आढळतो. त्या मुलांच्या मनाचे काय झाले, हा प्रश्न मागे पडला.

१० फेब्रुवारी १९४० पासून सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधील कुटुंबांची सैबेरिया, कझाकस्तान आदी प्रदेशांत रवानगी सुरू केली. जुलै १९४१ च्या करारानंतर त्यांची सुटका झाली खरी. पण दक्षिणेकडील प्रवासात उपासमार व विषमज्वर यांनी असंख्य बळी घेतले. वळिवड्यास पोहोचलेल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलाने तीन वर्षांत घर, गाव आणि कित्येकदा आईबापही गमावलेले असत. पोटभर अन्न मिळू लागल्यावरही मुले पावाचे तुकडे उशीखाली दडवीत, असे या निर्वासितांच्या आठवणींत वारंवार येते. (भाषाविज्ञानात 'आघात' म्हणजे अक्षरावरील जोर, मानसशास्त्रात तोच शब्द मनाच्या जखमेसाठी योजतात. येथे हा दुसरा अर्थ अभिप्रेत आहे.)

त्याच सुमारास लंडनमध्ये ॲना फ्रॉइड व डोरोथी बर्लिंगहॅम या युद्धग्रस्त मुलांसाठी शिशुगृहे चालवीत होत्या. बाँबवर्षावापेक्षा आईपासूनची ताटातूट लहान मुलास अधिक हानिकारक ठरते, असा निष्कर्ष त्यांनी १९४३ साली मांडला. वळिवड्यास असे निरीक्षण करणारे कोणी नव्हते. तेथे होत्या चटयांच्या भिंतींच्या बराकी, पोरक्या मुलांसाठी अनाथगृह, चर्च, नाटके, बालवीरांची पथके आणि पोलिश भाषेतून शिकविणाऱ्या शाळा. या शाळांचे महत्त्व मला सर्वांत अधिक वाटते. दुःख सांगावयाचे तर ऐकणाऱ्यास 'घर' या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागू नये. वळिवड्यास तो लागत नसे. मात्र भाषेने ही मुले बरी झाली, असे विधान मी करणार नाही. प्रत्येक कुलुपाला भाषेचीच किल्ली लावून पाहण्याची खोड आम्हा भाषाभ्यासकांना असते. शिवाय शिकविणाऱ्या स्त्रियाही शोकग्रस्तच होत्या, आणि शाळेच्या हजेरीपटात मुलाची उपस्थिती नोंदली जाते, त्याची रात्र नव्हे. शिस्तीने कवायत करणारे मूल मनाने सावरले आहे, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

युद्धोत्तर सीमानिश्चितीत यांपैकी बहुतेकांची गावे सोव्हिएत संघात गेली. साहजिकच वसाहत मोडली तेव्हा पुष्कळांना इंग्लंड, ऑस्ट्रेलिया अशा परक्या देशांचा रस्ता धरावा लागला. जे थोडेबहुत स्थैर्य लाभले होते, तेही सुटले.

पुढे त्याच जागी फाळणीमुळे आलेले सिंधी निर्वासित वसले; आजचे गांधीनगर ते हेच. त्यांच्या मुलांविषयीही हाच प्रश्न विचारावयास हवा. फाळणीच्या वेळी पाच-सहा वर्षांचे असलेले आज ऐंशी ओलांडून गेले आहेत, तेव्हा हे काम लांबणीवर टाकता येण्याजोगे नाही. आपल्या विभागातील कोणी विद्यार्थी ते हाती घेणार असेल, तर त्याने आधी सिंधी शिकून घ्यावी आणि मुलाखती त्याच भाषेत घ्याव्यात.